पहिल्या बेसचा मिट आणि पूर्णा गावातला निम्मा हिस्सा

मी, माधवी केसरीनाथ तरे, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार नारपोली, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण आमच्या भावकीत बाईने जमिनीबद्दल तोंड उघडले की पहिली शंका तिच्या डोक्याबद्दल घेतली जाते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. होता, तो मी मानलेला नाही.

मी अविवाहित आहे. आईवडील हयात नाहीत. काही न लिहिता मी गेले, तर माझे जे काही आहे ते कायद्याने धाकटा भाऊ हरेश याच्याकडे जाईल. म्हणून लिहिते.

कलम १. नारपोलीचा राहता फ्लॅट, आतल्या भांड्याकुंड्यांसह, हरेशची मुलगी ऋतिका हिला द्यावा. खालच्या मजल्यावर लूम चालतात. भिंतीला पाठ लावून बसले की दाढा वाजतात. मेहुण्याने नाक मुरडलेल्या या घरात मी तीस वर्षे सुखाने झोपले. (मेहुणा म्हणजे हरेशचा. मला मेहुणा नाही, हे या मृत्युपत्रातले एक सुख.) ऋतिकाने हे घर विकू नये, भाड्यानेही देऊ नये. पुढचे कलम ६ अमलात आले की तिच्या बापाचे दार तिला काही वर्षे तरी बंद होईल. मुलीला चार दिवस येऊन पडायला एक दार लागते. ते हे.

कलम २. बँकेतली सर्व शिल्लक व भविष्य निर्वाह निधी हरेशला द्यावा. ताईला पैशांची हाव सुटली, असे तो आमच्या पूर्णा गावात सांगत फिरला आहे. ते खोटे ठरवायचा दुसरा मार्ग मला सुचला नाही. पैसे द्यायला मी कधीच ना म्हटले नव्हते. त्याने मागितली सही.

कलम ३. संस्कृतची पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत. तिथे ती काचेच्या कपाटात जातील आणि किल्ली हरवेल, हे मला माहीत आहे. तरीही द्यावीत, निदान धूळ तरी सुशिक्षित राहील. त्यातून जाडा शब्दकोश वगळावा. त्याची व्यवस्था पुढच्या कलमात आहे.

कलम ४. माझा मिट. माझे वकील मनोज म्हणाले, "बाई, हातमोजा जंगम मालमत्तेत एका ओळीत बसतो." बसत नाही.

संस्कृतच्या बाईंना दुपारी काही काम नसते, असा आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांचा समज होता. त्यामुळे मुलींच्या सॉफ्टबॉल संघाबरोबर जिल्ह्याला जाणे माझ्या वाट्याला आले. पाण्याच्या बाटल्या सांभाळता सांभाळता नियम कळले, नियम कळल्यावर पंचांच्या चुका कळल्या, आणि पुढे शाळा सोडून गेलेल्या मुलींनी पूर्णा गावात आमच्या मोकळ्या जागेवर रविवारचा खेळ सुरू केला तेव्हा मला नुसते बसवेना. मी पहिल्या बेसवर, म्हणजे फटका मारून पळणारीच्या पहिल्या टप्प्यावर, उभी राहते. तिथे पळावे कमी लागते, आणि डावखुरीला ती जागा मानवते. फेकायला डावा हात मोकळा, मिट उजव्यात, म्हणजे मैदानाच्या अंगाला. बाकीच्या मुली चेंडू अडवतात आणि घाईघाईने माझ्याकडे फेकतात. कुणी डोक्यावरून, कुणी मातीत, कुणी शेजारच्या गोदामाच्या पत्र्यावर. एक पाय बेसवर रोवून ते सगळे पदरात घ्यायचे, असे ते काम आहे. थोरली मुलगी असल्याने मला ते नव्याने शिकावे लागले नाही.

साधा, पाच बोटे सुटी असलेला ग्लोव्ह तिथे पुरत नाही. तसा खेळून माझ्या उजव्या हाताचे मधले बोट वाकडे झाले. प्रेताची ओळख पटवायला उपयोगी पडेल म्हणून नोंदवते. पहिल्या बेसला लागतो मिट: बोटे न सुटलेला, लांबट, खोल, सुपासारखा. तसा घ्यायचा आहे असे मी घरात बोलले, आणि ते हरेशच्या कानावर गेले.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला तो आपला मुलगा भाविक याला घेऊन नारपोलीला आला. ओवाळून झाल्यावर तबकात नोट न टाकता त्याने एक पिशवी ठेवली.

"ताय, तुज्या त्या खेलाचा मोजा. भाविकनी मागवला. भारीतला हाय, बग."

मी बाहेर काढला. खरोखर भारीतला होता. कातड्याचा वास घरभर सुटला. उजवा हात घालायला गेले तर अंगठ्याची जागा भलत्याच बाजूला.

"हरेश, हा कुठल्या हातात घालायचा?"

"कंच्या पन घाल. मोजाच हाय तो."

"मी चेंडू कुठल्या हाताने फेकते?"

त्याने भाविककडे पाहिले. भाविकने मोबाइलकडे पाहिले.

"उजव्याच ना?" हरेश म्हणाला. "मानूस उजव्याच हातानी फेकतो."

हे मला लिहून ठेवणे भाग आहे. आमची आई, गोदूबाई, जेवताना माझा डावा हात पदराने पाटाला बांधत असे. दोन्ही हातांनी बाण सोडणाऱ्याला संस्कृतात सव्यसाची असा गौरवाचा शब्द आहे. आमच्या घरात डाव्या हाताने भाकरी मोडणाऱ्या मुलीला पाठीत धपाटा होता. आणि आई चुलीकडे वळली की गाठ सोडवून मी डाव्याने खाऊ लागे, तेव्हा "आये, ताय परत डाव्यानी खाते!" असे ओरडून सांगणारा मुलगा हरेश होता. पोरपणी मला पकडून देताना त्याला माझा हात अचूक माहीत होता. काही देताना विसरला.

मी मिट परत ठेवायला पिशवी उघडली, तर तळाशी स्टॅम्प पेपर. हक्कसोडपत्र. पूर्णा गावातल्या जागेवरचा माझा हिस्सा मी भावाच्या प्रेमाखातर, विनामोबदला सोडते, असे टाइप करून तयार. माझे प्रेम त्याने टाइप करून आणले होते, फक्त सही राहिली होती.

"ते पन बग सवडीनं," हरेश म्हणाला. "वाचाय न्हाय काय त्यात. सगल्याच बहिनी करतात."

"आणि बहिणींना काय मिळतं?"

"माहेर मिलतं, ताय. आजून काय पायजे?"

आमच्या भावकीत ही रीत आहे. वडील गेले की बहिणी रजिस्ट्रारकडे जातात, सही करतात, आणि भाऊ तिथेच त्यांच्या हातावर साडी ठेवतो. मग पेढे. ज्या बहिणीने सही केली नाही तिला लग्नाची पत्रिका जात नाही. आमच्या दोन्ही आत्यांनी केली. मी केली नाही. यंदाच्या भाऊबीजेला हरेश आला नाही. मी ताट करून ठेवले होते. ते सांगून ठेवते, पुढे कुणी विचारले तर.

त्यानंतर मी स्वतः मिट घ्यायला मुंबईला गेले. ऋतिका बरोबर होती; ती आमच्याच संघात खेळते आणि सरळ उजव्या हाताची आहे.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, फर्स्ट बेस का, वो भी लेफ्टी? ये एक ही पीस है, बेसबॉलवाला. चल जाएगा."

त्यात सॉफ्टबॉलचा चेंडू ठेवून पाहिला. साखरेच्या डब्यात नारळ ठेवल्यासारखा निम्मा बाहेर.

"आत्या, घे गं तोच," ऋतिका म्हणाली. "तुझ्याकडे येणारा चेंडू तसाही तुला घाबरून थांबतो."

मी सॉफ्टबॉलच्या, डावखुरीच्या मिटची ऑर्डर दिली आणि तो येईपर्यंत थांबले. तेव्हा, माझ्यामागे जी कुणी पहिल्या बेसवर उभी राहील तिने मिट असा घ्यावा. आधी स्वतःचा फेकीचा हात कुठला ते आठवावे. दुसऱ्याच्या आठवणीवर सोडू नये. मिट दुसऱ्या हातात. बेसबॉलचा घेऊ नये, खिसा अपुरा पडतो. लांबीला भुलू नये. फार लांब घेतला तर चेंडू त्यात सापडतो पण वेळेवर बाहेर येत नाही. दुकानातच हात घालून दहा वेळा उघडझाप करावी. मनगटाचा पट्टा आवळल्यावरही पंजा आत फिरत असेल तर ठेवून द्यावा. स्पर्धेतल्या खेळाडूंसारखा लाकडी-कडक घेऊ नये. आपण रविवारी खेळणाऱ्या, तो मऊ होईपर्यंत आपले गुडघे जातील. रेक्झिनचाही नको, तो पहिल्या दिवशी मऊ असतो आणि दुसऱ्या वर्षी फाटतो, गोड बोलणाऱ्या नातेवाइकांसारखा. कातडे अंगठा नि करंगळीच्या बाजूने वळते आहे ना, ते पाहावे. घरी आणल्यावर अंगठ्याजवळच्या जाळीत चेंडू ठेवून नाडीने बांधावा आणि वर जड काहीतरी ठेवावे. मी शब्दकोश ठेवला. इतक्या वर्षांत त्या कोशाचा इतका तातडीचा उपयोग झाला नव्हता.

हा मिट मेघाली हिला द्यावा. ती दिघाशीची, गोदामात पॅकिंगला आहे, आणि संघात माझ्याखेरीज डावखुरी तीच. शब्दकोश मिटबरोबर जाईल. ती म्हणाली होती, "बाई, पुस्तक कनाला? वजन ठेवाय आमच्याकडं जातं हाय." तरी न्यावा. जात्याला पाने नसतात.

कलम ५. हरेशने दिलेला, उजव्या हाताने फेकणाऱ्यांचा मिट ऋतिकाकडे आहे. तो तिचाच समजावा. तो वाईट नव्हता. माझा नव्हता, इतकेच.

कलम ६. पूर्णा गावातली जागा. सातबारावर हरेश आणि मी, अशी दोन नावे आहेत. तिन्ही बाजूंनी गोदामे उठली आहेत. ट्रक मागे घेताना ड्रायव्हर आमच्या तिसऱ्या बेसवरून जातात आणि मुली त्यांना हिंदीतून आणि आगरीतून शिव्या देतात. गोदामवाल्याला चौथी बाजू हवी आहे. हरेशने त्याला शब्द दिला आहे. त्या शब्दात माझा निम्मा हिस्सा आहे.

तो माझा अविभक्त निम्मा हिस्सा मी ऋतिका हिला देते.

लोक म्हणतील, बाईने खेळासाठी जागा अडवली. चूक आहे. मी कोणतीही अट घालत नाही. ऋतिकाला खेळायचे तर तिने खेळावे. तिथे गोदाम बांधू द्यायचे तर द्यावे, आणि आपल्या हिश्शाचे पैसे आपल्या खात्यात घ्यावेत. मैदान गेले तर मुली दुसरे शोधतील. बेसची गोणपाटे उचलून नेता येतात. मात्र तिच्याशिवाय व्यवहार होऊ नये. गेल्या महिन्यात तिच्या बापाने तिलाही सांगून ठेवले, की पुढे भाविकच्या नावे सही करायची आहे. तिने मला विचारले, "आत्या, नाही म्हटलं तर?" मी म्हटले, "तर माझ्यासारखी होशील."  ती म्हणाली, "बरी आहेस की तू." हे मृत्युपत्र त्या एका वाक्याची पोच आहे.

कलम ७. व्यवस्थापक म्हणून वकील मनोज यांना नेमते. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर हरेशला बोलू द्यावे, पण माईक देऊ नये.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

(खालचा मजकूर माझ्या हस्ताक्षरात, निबंधक कार्यालयात, सहीपूर्वी.)

मी आत बसले आहे आणि हरेश बाहेर बाकावर बसला आहे. मी त्याला बोलावलेले नाही. ताई सोमवारी सही करणार, एवढेच त्याला कुणाकडून तरी कळले. कुठल्या कागदावर, ते त्याने विचारले नाही. मला पाहून उभा राहिला. म्हणाला, "ताय, चस्मा आनलास ना?" हातात पेढ्यांचा पुडा आणि साडीचा खोका. खोक्याला वरून पारदर्शक कागद आहे. साडी मोरपंखी आहे, बारीक काठाची. मला आवडते तश्शी. कुणी सांगितले त्याला, ठाऊक नाही. बहुधा कुणी नसेल सांगितले.

वकील विचारत आहेत, एखादे कलम बदलायचे आहे का. नाही.

सही झाल्यावर मी बाहेर जाऊन, त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसून, हा कागद त्याला पहिल्यापासून वाचून दाखवणार आहे. त्यानंतरही त्याने ती साडी माझ्या हातावर ठेवली, तर ती कुणालाही वाटून देऊ नये. कपाटात वरच्या खणात असेल. शेवटच्या दिवशी बाईच्या अंगावर माहेरची साडी लागते, तीच नेसवावी. परत नेली, तर मला खेळाच्या कपड्यांत न्यावे आणि साडीसाठी पूर्णा गावात निरोप धाडू नये.

हे सर्व मी वाचले, समजले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताने सही केली.

सही: माधवी केसरीनाथ तरे

आमच्यासमोर सही झाली, बाई शुद्धीत व शांत होत्या:

साक्षीदार १: चांगदेव अनंता मढवी, राहणार दिघाशी (सही)
साक्षीदार २: सीताबाई सावळाराम भोईर, राहणार नारपोली (सही)

स्थळ: भिवंडी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५