विज्ञानखोलीचं कुलूप

श्रीरामपूर
बुधवार, १२ मे १९७१

तीर्थरूप नानांना मुक्ताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आईला आणि आजीलाही तसाच. मी खुशाल आहे. जेवण पोटभर मिळतं. ऊन आपल्याकडच्याइतकंच आहे.

गोरक्ष, पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून आधी तुला सांगते. मोठ्यानं वाच. नाना मध्येच "बास कर" म्हणाले तरी थांबू नकोस. आणि पदरचं एक अक्षर घातलंस तर आल्यावर कान उपटीन.

नाना, सहादूकाका काल इथं कांदा घेऊन बाजाराला आले होते. पत्र मिळेपर्यंत ते घरी पोचले असतील आणि त्यांनी काहीबाही सांगितलं असेल. त्यांनी पाहिलं ते खरं आहे. पण रविवारी मला न्यायला एस.टी. धरण्याआधी माझंही पुरतं ऐकून घ्या. शिबिर अजून निम्मं व्हायचंय. आणि नववीचं तुम्ही शिबिरानंतर ठरवणार आहात, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच अक्षर असं वाकडंतिकडं येतंय.

आधी इथलं सांगते. सगळ्या तालुक्यांतून आठवीची मुलंमुली आली आहेत. आम्ही मुली शाळेच्या बोर्डिंगात राहतो. सकाळी पाखरं ओळखायला रानात नेतात, मग प्रयोग, संध्याकाळी खो-खो. 'लई' म्हटलं की 'खूप' म्हणायला लावतात, त्यामुळे पत्रातही जपून लिहितेय. शिबिराचे मुख्य शांतवन सर. त्यांचा आवाज एवढा बारीक, की गप्प बसल्याशिवाय ऐकूच येत नाही. मग काय, सगळे गप्प बसतात.

पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. इथं न्हाणीला दार आणि दाराला आतून कडी. मी आपलं दार नुसतं लोटलं आणि अंघोळीला बसले, तर एस्तेर नावाची इथलीच एक मुलगी बादली घेऊन सरळ आत! ती किंचाळली, मग मीही किंचाळले.

"कडी लावता येत नाही का गं तुला?"

"आमच्या गावात घरांना दारंच नाहीत."

झालं! सगळ्या पोरी भोवती गोळा. कुत्री शिरत नाहीत का? फळकूट आडवं लावतो. आणि चोर? चोराचं शनिदेव बघून घेतो. त्यांना वाटलं मी थापा मारतेय. मग मात्र मी चिडले. देव स्वतः उघड्यावर उभा आहे, डोक्यावर छप्पर नाही, मग आम्हाला कशाला हव्यात कड्या, असं ठणकावून सांगितलं. आजी असती तर तिनं पाठ थोपटली असती.

नाना, आता मी जे पाहिलं ते ऐका. विज्ञानखोलीत सूक्ष्मदर्शक म्हणून एक यंत्र आहे. पितळेची नळी, खाली आरसा, वरून डोळा लावायचा. सरांनी कांदा चिरला. पाकळीच्या आतल्या अंगाला पातळ पापुद्रा असतो ना, तो सोलून काचेवर पसरला आणि त्यावर औषधाचा थेंब टाकला. माझा नंबर आला तेव्हा आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. सरांनी चक्री फिरवली आणि अंगावर सर्रकन काटा आला. अहो, कांद्यात घरं आहेत! भिंतीला भिंत लागून, ओळीनं, आपली आळी वरून बघावी तशी. आणि एकाही घराला दार नाही. मी ओरडलेच, "सर, दार नाही!" सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "दार नाही, तरी लागेल तेवढं पाणी आतबाहेर होतं."

आपण जन्मभर कांदा लावतो, काढतो, विकतो. आजोबांनी लावला, तुम्ही लावलात. एवढं सगळं आपल्या हातात होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता. मला रडू आलं, का ते कळेना. मागची मुलं "सरक की गं" म्हणून ढोसत होती आणि मी जागची हलेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खोलीवरून जात होते, तर दार नुसतं लोटलेलं. "आहे का कुणी?" म्हणून हाक मारली. कुणी ओ दिली नाही. मी आत गेले, मुंग्या बघायला एक भिंग उचललं आणि त्याच्या जागी लिंबाची डहाळी ठेवली. आपण तेच करतो ना? मालनकाकू घरी नसल्या की आजी त्यांची चाळणी आणते आणि जागेवर डहाळी ठेवते, म्हणजे त्यांना कळतं, वस्तू शेजारी गेलीय, येईल परत. मी मुंग्या बघून आले तर बोर्डिंगात हा गोंधळ! भिंग चोरीला गेलं म्हणून सगळ्यांच्या पेट्या उघडल्या होत्या.

"चोरी कसली? डहाळी ठेवली होती की!" मी म्हटलं.

"शनीच्या गावची आणि चोरटी!" मागून कुणीतरी बोललं. नाना, हा शब्द मला आजवर कुणी लावला नव्हता.

सरांनी ती डहाळी हातात घेतली आणि मला सगळं नीट विचारलं. मग सगळ्यांना म्हणाले, "हिनं निरोप ठेवला होता. तो आपल्याला कळला नाही." आणि खिशातली किल्ली काढून माझ्यापुढे धरली. संध्याकाळी सगळं मोजून कुलूप लावायचं, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन उघडायचं, असं ते काम.

मी हात मागे घेतला. निघताना तुम्ही म्हणालात ते कानात होतं, "कुलपाला हात लावायचा न्हाई. लावलास तर त्याच दिशी घरी, आन् पुढची साळा बंद." सरांना तसंच सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि किल्ली एस्तेरला दिली. इथपर्यंत मी तुमच्या शब्दात होते.

सकाळी बघते तर एस्तेर एकटी आत, नळीला डोळा लावून. घंटेआधी किल्लीवालीनंच आत जायचं, म्हणून मी बाहेर, खिडकीचे गज धरून. ती आतून ओरडत होती, "मुक्ता, डबक्याच्या पाण्यात काहीतरी पळतंय गं! पोटातलंसुद्धा दिसतंय त्याच्या!" मला चोर म्हटलं तेव्हा वाटलं नव्हतं तेवढं वाईट तेव्हा वाटलं.

सहादूकाका म्हणतील, मास्तरानं पोरीला नादी लावलं. साफ खोटं. मी सरांकडे गेले आणि किल्ली मागून घेतली. एस्तेरनं ती हसत दिली. म्हणाली, "घे बाई, तुझं तोंड बघवत नाही."

काल संध्याकाळी भिंगं मोजली, दार ओढलं, कडी घातली. कुलूप उन्हानं तापलेलं होतं. दाबायला हात धजेना. शनिदेवाचं नाव घेतलं आणि दाबलं. डोळे गच्च मिटून उभी राहिले, आता काहीतरी होणार म्हणून. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर फाटकात सहादूकाका. हातात आईनं दिलेली लाडवांची पुरचुंडी.

"मुक्ते, ह्ये काय केलंस गं?" एवढंच बोलले. पुरचुंडी पायरीवर ठेवली आणि पाठ फिरवली. मी हाका मारल्या, पण ते थांबले नाहीत.

आज सकाळी मी कुलूप उघडलं आणि ते पळणारं पाहिलं. एका थेंबात, नाना! काचेसारखं अंग, त्यात हिरवं काहीतरी फिरत होतं. ते वळलं, अडखळलं, पुन्हा पळालं. त्याला ठाऊकही नाही की शिंगणापूरची मुक्ता त्याच्याकडे बघतेय. किती वेळ श्वास घेतला नव्हता कुणास ठाऊक.

देव माझ्यावर रागावला का, ते मला कळत नाही. त्याच्यावर भरवसा नाही म्हणून मी कुलूप लावलं नाही. उद्या आपल्या घराला कुणी दार बसवायला निघालं तर सगळ्यांत आधी मीच भांडेन. पण त्या खोलीत जे आहे ते मला बघायचंय, आणि त्याची वाट कुलपातूनच जाते. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. आज संध्याकाळीही मी कुलूप लावणार आहे. उद्याही लावणार आहे.

रविवारी न्यायला आलात तर पेटी उचलून मुकाट्यानं मागे येईन. उलट शब्द बोलणार नाही. फक्त निघायच्या आधी एकदा त्या नळीला डोळा लावा. मग शाळा बंद म्हणा.

तुमच्या शब्दाबाहेर गेलेली, तरी तुमचीच,
मुक्ता