विलासचं गाऱ्हाणं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बारमधून येऊन आत्ताच जेवलो. डोक्यातून विलासचा आवाज जात नाहीये.

नाक्यावरच्या आमच्या बारचा मालक नंदूशेठ. बारबद्दल फोनवर काहीतरी चांगलं लिहा म्हणून त्याने सगळ्यांच्या मागे लकडा लावलेला. ज्यांनी लिहिलं त्यांनी एकच लिहिलं, घरच्यासारखं वाटतं. कुणाच्या घरच्यासारखं? घरी ह्यांना विचारतं कोण?

मग पेग भरले आणि नेहमीसारखं मला उभं केलं. गावच्या देवळात आमचे काका गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांसाठी देवाकडे मागणं मागतात आणि लोक "होय महाराजा" म्हणतात, म्हणून बारमध्ये ते काम माझं. मी हात जोडले. "बा देवा महाराजा, ह्या विलासची बायको पोरांना घेऊन पालीला माहेरी जाऊन बसलीय. ती तिथंच सुखात ऱ्हाऊ दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे हसत ओरडले. विलास सगळ्यात मोठ्याने. हात जोडून, डोळे मिटून. गाढव कुठचा! आपल्यावर हसतायत एवढंही कळू नये? की कळलं, आणि तरीही?

पण डोळे कशाला मिटले त्याने?

जेवताना फोन उघडला. विलासनेही लिहिलंय. "बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. इथे माझ्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालणारी माणसं आहेत." पाच स्टार.

मला हसू आलं. खरंच आलं.

खाली नंदूशेठचं उत्तर होतं, "होय महाराजा!"