कॉम्प्युटरच्या कपाळाचं कुंकू

नागवेणीअक्काच्या पायाशी धाकट्या सुमंगलेचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून भावोजींना खालूनच हाका मारतेस? शिवमोग्ग्याचा पाऊस थांबला असेल. इथे मैसूरला दसऱ्याची गर्दी ओसरली आणि मी खुशाल आहे. पोस्टाचं पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. (पाकीट देताना पोस्टातल्या बाईंनीही हलक्या आवाजात तेच विचारलं.) मध्यंतरी कॉम्प्युटरवरचा विश्वासच उडाला, म्हणून हाताने लिहायची सवय लावून घेतेय. अक्षर सांभाळून घे.

श्रीकंठ आणि मी वेगळे झालो त्याला दीड वर्ष झालं. जाताना तो म्हणाला, कॉम्प्युटर राहू दे, तुला लागेल. बावीस वर्षांत ज्या माणसाने मला आपली छत्री दिली नाही तो एवढा उदार झाला, तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. मला पुन्हा शिकवायला लागायचं होतं, हे तुला ठाऊकच आहे. नंजनगूडच्या एका शाळेत अर्ज केला, तर मुलाखतीआधीच मुख्याध्यापकांना याचा फोन, की बाईंना अधूनमधून चक्कर येते, जरा जपा. हुणसूरलाही तेच झालं. (मला चक्कर एकदाच आली होती, तीही एका मुंजीत, त्याच्या मावशीच्या भाषणात.) मग मडिकेरीच्या मुलींच्या निवासी शाळेची जाहिरात आली. कन्नड शिकवायचं, वसतिगृह बघायचं, राहायला खोली. ही संधी गेली तर एकोणपन्नास वर्षांच्या बाईला पुढची कोण देणार? अर्ज कॉम्प्युटरवर लिहून ठेवला, तोच शनिवारी श्रीकंठचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून सहज म्हणतो, अर्जावरचा फोटो फार जुना नाही का? अर्ज अजून पाठवलासुद्धा नव्हता.

मी घरभेदी शोधायला लागले. पहिला संशय दूधवाल्या पुट्टम्मावर गेला, कारण ती फार गोड बोलते. पंधरा दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिने बिचारीने, दुधात पाणी सापडलं असं समजून, तेवढे दिवस निर्भेळ दूध घातलं. मग दाराचं कुलूप बदललं. मग कॉम्प्युटरचा पासवर्ड आठ वेळा बदलला आणि विसरू नये म्हणून प्रत्येक वेळी त्याच कॉम्प्युटरवर लिहून ठेवला, वर ठळक अक्षरात ‘गुप्त’ असं नावही दिलं.

आयुधपूजेच्या दिवशी मी नेहमीसारखी स्कूटर धुतली, विळी, कात्री, शिवणयंत्र मांडलं आणि शेजारी कॉम्प्युटर. पडद्यावर चामुंडीदेवीचा फोटो लावून तो चालूच ठेवला होता. विभूतीचे पट्टे ओढले, झेंडूची माळ घातली आणि वर मधोमध, जिथे माणसाचं कपाळ असतं तिथे, ओलं कुंकू रुपयाएवढं लावलं. दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या शुभेच्छा द्यायला श्रीकंठचा फोन आला. पायसम केलंस का, गर्दी किती होती, असं सगळं झाल्यावर तो म्हणाला, “तो कॅमेरा जरा पुसून घे. कुंकवाने काच खराब होते.”

“तुला कसं कळलं कुंकू लावलंय ते?”

त्याने पायसमाची चौकशी पुन्हा एकदा केली. मग म्हणाला, “सगळेच लावतात.”

अक्का, हा माणूस सव्वीस वर्षं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतोय. फोन ठेवल्यावर मला राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्या यंत्रासमोर मी केस विंचरलेत, रडलेय, पातेल्यातूनच दहीभात खाल्लाय.

कुंकवासकट कॉम्प्युटर रिक्षात घालून मी ताहेराकडे गेले. ती बाजारामागे टायपिंगचे वर्ग चालवते आणि यंत्रं दुरुस्त करते. तासाभरात तिने त्याने लपवून ठेवलेला प्रोग्राम शोधून काढला. माझा पडदा आणि माझं तोंड दोन्ही त्याला घरबसल्या दिसत होतं. मी म्हटलं, आधी हे काढ. ती म्हणाली, “काढायचं नंतर. आधी पुरावा.” तिने सगळ्याचे फोटो घेतले, वकिलांकडे दिले, त्यांनी नोटीस धाडली, आणि मगच ताहेराने कॉम्प्युटर पार धुऊन पुसून कोरा केला. नवे पासवर्ड आता वहीत आहेत आणि वही तांदळाच्या डब्यात. पासवर्ड विसरलात तर तुमची पहिली शाळा कोणती, असले प्रश्न विचारतात ना, त्यांची उत्तरं खोटी द्यायची, कारण खरी नवऱ्याला पाठ असतात, असं तिने बजावलं. त्यामुळे मी कुळथाचं सार नावाच्या शाळेत शिकलेय.

मडिकेरीचा अर्ज तिच्याच दुकानातून पाठवला. नेमणूक झाली. एक तारखेला रुजू व्हायचंय, आणि या वेळी कोणाला कसलाही फोन गेला नाही. पुट्टम्माला मी साडी दिली, कशाबद्दल ते सांगितलं नाही. श्रीकंठ हा विषय माझ्यापुरता संपला आहे.

भावोजींना नमस्कार, तू गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
सुमंगला

ता. क. तुझी जाड शाल पाठव. मडिकेरीला थंडी असते आणि मला ती सोसत नाही, हे श्रीकंठ खरंच म्हणायचा.

आणखी एक ता. क. हे भावोजींना वाचून दाखवू नकोस. नवे पासवर्ड घालायला बसले होते त्या दिवशी मी गंमत म्हणून श्रीकंठच्या मेलला आमच्या लग्नाची तारीख घालून पाहिली. उघडलं. त्यात त्याने मला लिहायला घेतलेलं माफीचं पत्र आहे, अर्धवट. रोज एखादा शब्द बदलतो, पुढे सरकत नाही. पूर्ण झालं तरी मला ते नको आहे. पण आज कुठवर आलं हे बघायला मी सकाळी दात घासायच्या आधी बसते, आणि असं अकरा दिवस चाललंय. मडिकेरीला ही सवय बरोबर न्यायची नाही. तू त्याला फोन कर आणि पासवर्ड बदलायला सांग. मी सांगितलं तर तो विचारेल, तुला कसं कळलं.