खिडक्या उघड्या ठेवा

सुआमे, कुमासी
६ जानेवारी

प्रिय सेरवाताई,

नमस्कार. तू, दाजी आणि आपली अकिया मजेत असाल असं धरून चालतो. मी ठीक. हरमॅटनचा वारा सुटलाय, ओठ फुटलेत, आणि गॅरेजमधल्या कुठल्याही गाडीवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ बसतेय.

फोन करणार होतो, पण दाजी तो स्पीकरवर लावतात आणि मग मला काही सुचत नाही. म्हणून टेचीमानच्या बसवाल्याकडे हे पत्र देतोय, सोबत तुझ्या आवडीच्या शितो चटणीची बाटली.

शिकाऊपणातून माझ्या सुटकेच्या समारंभात तू काय नाचलीस, उस्ताद अजून सांगतात. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली राबलो, पण त्यांनी माझ्या डोक्यावर मास्टर झाल्याची पांढरी पावडर टाकली आणि सगळं विसरलो. बोकड, पेयांची खोकी, उस्तादांचा मान, कशात कमी पडू दिलं नाही. सर्टिफिकेट चौकटीत घालून भिंतीवर लावलंय.

गाडी कशी आहे? मी हात लावल्यापासून जोरात पळते, आवाजही दमदार झालाय, असं दाजी म्हणत होते.

हो, एक राहिलंच. गाडीत बसलात की काचा खाली ठेवा. धूळ आली तर येऊ दे. एसीतला गॅस जुना झालाय, बंद गाडीत तो बरा नाही. दाजींना नक्की सांग.

तुझा भाऊ,
मास्टर ओफोसू

टेचीमान
१५ जानेवारी

ओफोसू,

आशीर्वाद. शितो पोचली, तुझ्या दाजींनी चाटूनपुसून संपवली. काचांचं ऐकून मात्र ते हसले. म्हणाले, "मास्टर झाला तरी अक्कल शिकाऊचीच राहिली. गाडीत एसी असताना मी धूळ खाऊ होय?" तेव्हा काचा बंदच आहेत.

पण मला चेष्टा सुचत नाहीये. शाळा सुरू झाल्यापासून अकियाचं रोज डोकं दुखतं. गाडीने पाऊण तास, आणि उतरते ती झोकांड्या खात. गुरुवारी शाळेच्या फाटकातच ओकली आणि बेशुद्ध पडली. दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या दिल्या, पण रक्तात मलेरिया निघाला नाही. यांचंही डोकं जड असतं, ते म्हणतात काळजीने. रविवारी आम्ही चर्चला पायी जातो, त्या दिवशी पोरगी ठणठणीत असते.

पास्टर म्हणाले, म्हणजे जे काही आहे ते शाळेच्या वाटेवर आहे. आणि फाटकाशी कोण बसतं? यांची पोकुआ आत्या. उकडलेल्या मक्याचे केंके विकते, रोज अकियाला एक देते. पास्टरांनी नाव घेतलं नाही, पण सगळे तिच्याकडेच बघायला लागले. काल यांनी तिचं गाठोडं आमच्या घराबाहेर ठेवलं. जिने यांना लहानाचं मोठं केलं तिला हे चेटकीण म्हणाले. तिने अकियाचा धुतलेला रुमाल तेवढा घडी करून माझ्या हातात दिला. मला रात्री झोप लागली नाही, पण मी गप्प बसले. पोटच्या पोरीचा प्रश्न आहे.

उद्यापासून तीन दिवस उपास आणि फोन बंद. शनिवारी सकाळी आठला अकियाला प्रार्थनेच्या छावणीत न्यायचंय. चार तासांचा रस्ता आहे. तिच्यासाठी प्रार्थना कर.

ताई

शनिवार, १९ जानेवारी
पहिल्या बसमध्ये

सेरवाताई,

गाडी सुरू करू नका. हे आधी दाजींना सांग, बाकीचं मग वाच.

पोकुआ आत्याने काही केलेलं नाही. केलं ते मी.

गाडीखाली, इंजिनाचा धूर मागे नेणाऱ्या नळीत एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुरातलं बरंचसं विष त्यात मरतं. आतल्या धातूसाठी तो विकत घ्यायला माणसं आमच्या गॅरेजांतून फिरत असतात. ऑक्टोबरात दाजी ब्रेकच्या कामाला गाडी ठेवून गेले, तेव्हा मी तो कापून विकला आणि जागी साधी नळी जोडली. समोर बिघाडाचा पिवळा दिवा पेटला, त्याचा बल्ब काढून टाकला. दाजींना म्हटलं, इंजिन आता मोकळा श्वास घेतंय. समारंभाचा बोकड त्या पैशांतून आला. अकियाने दोनदा वाढून घेतलं होतं, आठवतं?

पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी, तशीच मी केलेली दुसरी गाडी परत आली. माझं वेल्डिंग फाटलेलं, मागच्या सीटखालचं रबरी बूच उष्णतेने वितळलेलं. त्या भोकातून धूर थेट आत येत होता. तुमच्या गाडीतही तेच झालं असणार. काचा उघड्या असल्या की उडून जातो, म्हणून तुम्हाला डिसेंबरपर्यंत काही झालं नाही. धुळीमुळे काचा बंद झाल्या, आणि अकिया मागे बसते. त्यातल्या विषाला वास नसतो. माणसाला झोप लागते आणि तो उठत नाही.

हे कळूनही मी तुला एसीचं खोटं लिहिलं. मास्टर हे नाव दोनच महिन्यांचं होतं, ते जाईल याची भीती वाटली. बारा दिवस मी अकियाच्या जिवापेक्षा भिंतीवरची चौकट जपली. माफी मागायला तोंड नाही, मागत नाही.

तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं. फोन लावत राहिलो, सगळे बंद. उस्तादांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. चौकट भिंतीवरून काढून म्हणाले, "आधी पोर बघ. मग ये, झाडू होता तिथेच आहे."

आता बसमधून उतरून तुमच्या गल्लीच्या तोंडाशी लिहितोय. पोकुआ आत्या इथेच गाठोड्याला टेकून बसली होती. तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "तू गाडीपाशी जा. पत्र मी नेते. मला शिव्या देतील, पण पोरीचं नाव घेतलं की दार उघडतील." हे पत्र तुझ्या हातात तिनेच दिलंय, ताई. तिला दारात उभी ठेवू नकोस.

अकियाला उघड्यावर बसव. टॅक्सीने दवाखान्यात ने, काचा खाली ठेवून, आणि रक्तात धूर गेलाय असं स्पष्ट सांग. तू हे वाचशील तेव्हा मी गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून बसलेला असेन. दाजी मारायला आले तर येऊ देत, फक्त येताना चावी घेऊन या म्हणावं.

उस्तादांचा शिकाऊ,
ओफोसू