भूराचा पुढचा पाय

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज लेकीने, अबोलीने, मला हसवून हसवून दमवलं. म्हणे, "आई, एका यंत्राला दुखतं का, ते तपासून सांगशील?"

अबोलीच्या कंपनीने फौजेसाठी चार पायांचं यंत्र बनवलंय. खेचराएवढं. डोंगरात सामान वाहील, जखमी जवानाला पाठीवर घेऊन येईल, भिंतीआड दडलेला माणूस हुडकेल — गुण पुष्कळ! रंग मातकट म्हणून पोरं त्याला भूरा म्हणतात. रोज त्याच्या पाठीवर वजन लादायचं, लोखंडी दांड्याने गुडघ्यावर हाणायचं आणि पडतो की सावरतो ते बघायचं. हे काम दत्तात्रयकडे. त्याने आता हात वर केलेत. "मला बघून तो मागे सरकतो. मेरे से नहीं होगा." त्याचं बघून आणखी दोघे थांबले. साहेब वैतागले. कारण तीन तारखेला फौजेच्या अधिकाऱ्यांसमोर शेवटची चाचणी. त्यात भूराला मोडेपर्यंत मारायचं आहे आणि मारायला माणूस नाही.

म्हणून जनावरांचा डॉक्टर हवा, म्हणजे मी. दुखत असेल तर चाचणीची रीत बदलू. नसेल तर दत्तात्रयने गुमान दांडा उचलावा, नाहीतर घरी बसावं. माझ्या एका मतावर सगळं.

मत माझं आत्ताच तयार आहे — नाही दुखत. पण तपासल्याशिवाय सही करायची माझी पद्धत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीच्या गोविंदपुऱ्यातल्या शेडमध्ये जाऊन आले. भूरा दिसायला बरा आहे. तोंडाच्या जागी नुसती काच. दत्तात्रय बरखेड्यात वाढलेला, वडील जळगावहून येऊन इथल्या कारखान्यात लागलेले. चांगला दांडगा गडी. कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता.

साहेबांनीच दांडा घेतला. उजवा पुढचा गुडघा. भूरा लंगडला, मोटर विव्हळल्यासारखी वाजली. पोरांनी माना फिरवल्या. मी फिरवली नाही. विव्हळण्यावर जनावरांच्या डॉक्टरने जाऊच नये.

घोडा काय, खेचर काय, माणसासमोर दुखणं लपवतं. लंगडं दिसलं की आपण संपलो, हे त्यांच्या रक्तात असतं. म्हणून खरं दुखणं चोरून बघावं लागतं. टांग्याची घोडी मी भिंतीआडूनच तपासायची, टांगेवाले हसायचे. मागचा पाय सैल सोडला तर आराम. पुढचा पाय पुढे काढून टेकवला, त्यावर भार देत नसलं, तर दुखणं. सगळी नोकरी यावर काढली, कधी फसले नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना लांब पाठवलं. मी शेडमागे, भिंतीला चिकटून, खिडकीच्या फटीला डोळा लावून. या वयात! कंबर धरली. भूरा चारी पायांवर सरळ उभा. लंगडणं नाही, विव्हळणं नाही. प्रेक्षक गेले, नाटक संपलं.

२६ सप्टेंबर

मत लिहून दिलं. वेदनेचं लक्षण आढळलं नाही. साहेब खूश, मीही.

२८ सप्टेंबर, रविवार

बिट्टन मार्केटात झेंडू घेताना दत्तात्रय भेटला. मीच विषय काढला. म्हटलं, "अरे, उद्या मिक्सर ओरडला तर चटणी वाटायची थांबशील का?"

तो हसला नाही. म्हणाला, "मॅडम, मिक्सर मला ओळखत नाही."

मग म्हणाला, "तीन तारखेला दांडा मी घेणार आहे. दुसरी नोकरी कुठे बघू? तुम्ही लिहून दिलंय, तर बरोबरच असेल."

टोमणा असता तर मी ऐकवलं असतं. टोमणा नव्हता. कोटऱ्याला घरी पोचेपर्यंत चिडचिड होत राहिली. वाईटही वाटलं — त्याच्यासाठी. भूरासाठी नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

माझा जुना स्टेथोस्कोप पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. त्याला दुखतं म्हणून नव्हे. आयुष्यभर हाताशी राहिला म्हणून.

अबोलीच्या शेडमध्येही पूजा झाली. दांड्यालाही कुंकू, भूरालाही. आज हत्यारांना सुट्टी, त्यामुळे त्याला कोणी मारलं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

श्रीखंड-पुरी झाल्यावर अबोली फोनवर पूजेचे फोटो दाखवत बसली. मग शेडच्या कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण काढलं. "बघ, सुट्टीत एकटा किती शहाण्यासारखा उभा राहतो."

मी तिचा हात धरला. पुन्हा लाव म्हटलं.

उजवा पुढचा पाय पुढे काढलेला. टोक तेवढं टेकलेलं. दार उघडलं, पोरं आत आली. त्यासरशी पाय मागे, भूरा चारी पायांवर सरळ. दुसऱ्या दिवसाचं लावलं. तेच.

"सांध्यावरचा भार कमी करतो गं," अबोली म्हणाली. "तसा प्रोग्राम आहे."

"आणि माणूस आलं की पाय मागे घ्यायचा?"

"तो नाही टाकलेला."

श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. पण मी गेले त्या दिवशी तो एकटा असूनही सरळ उभा होता. या डोळ्यांनी बघितलंय. त्या दिवसापुरता सांधा बदलला असणार. मत बदलायचं काही कारण नाही.

३ ऑक्टोबर, सकाळ

अबोलीला विचारलं, मी आले त्या दिवशी सांधा बदलला होता का? नाही म्हणाली. मग एकटा असताना नीट कसा उभा राहिला?

चपला घालता घालता म्हणाली, "एकटा कुठे होता? तू भिंतीआड होतीस ना. आई, भिंतीआडची माणसं हुडकायलाच तर बनवलाय तो."

म्हणजे त्याने माझ्यापासूनही लपवलं.

दत्तात्रयला फोन केला. दांडा उचलू नकोस, म्हटलं, मी मत मागे घ्यायला येतेय. रिक्षा दारात आली आहे.