तिच्यासारख्या शंभर जणी

४ जून
गाढव आहे मी! तिच्या गळ्याखाली निळा ठिपका दिसला. शाई लागली असेल म्हणून रुमाल ओला करून पुसायला गेलो. ती आधी हसली. "घास, घास. नऊ वर्षं साबणाला गेला नाही."
सोळाव्या वर्षी लिम्फोमा झाला होता तिला, गाठींचा कॅन्सर. छातीला किरणं दिली. मशीन रोज त्याच जागी लागावं म्हणून गोंदलेली खूण आहे ती. आता ठणठणीत आहे. माझ्याहून जोरात जिने चढते!

५ जून
विचारलंच. लग्न करशील? मामाच्या टायरच्या दुकानातून तसाच गेलो, हात काळे.
"आधी आकडा येऊ दे."
ज्या किरणांनी बरी झाली, त्यांनीच पुढे दुसरा कॅन्सर होऊ शकतो म्हणे. स्तनाचा जास्त करून. कोवळ्या वयात दिली की धोका जास्त. कुठे किती किरणं पडली ते जुन्या कागदांवरून बघून डॉक्टर तिचा अंदाज काढतायत.
आकडा गेला खड्ड्यात!

१२ जून
आकडा अजून आला नाही. मामाने दुकानातून हाकललं. "चाकात हवा भरतोयस की त्याचा जीव घेतोयस?"

१९ जून
तिच्याबरोबर गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पन्नाशीपर्यंत, तुझ्यासारख्या शंभर जणींत साधारण वीस जणींना स्तनाचा कॅन्सर होतो."
मी उसळलो— "तिच्यासारख्या शंभर? एक तरी दाखवा!"
बाई रागावल्या नाहीत. "बरोबर आहे तुझं. हा अंदाज आहे, भविष्य नव्हे. दरवर्षी एमआरआय करायचा. काही निघालंच, तर लवकर सापडेल."
जिन्यात ती थांबली. "तू मला ऐंशींत बघतोयस. मी विसांत. जा तू. घरी काय सांगशील?"
जा म्हणे! भिंतीवर बुक्की मारली. बोटं सुजली. भिंत आहे तशीच.

२० जून
आईला सगळं सांगितलं. वाटलं, आकांडतांडव करेल. सुजलेल्या बोटांवर बर्फ धरत म्हणाली, "कॉलेज अर्धं टाकून आलास, तेव्हा मी तुझा अंदाज काढत बसले होते का? घेऊन ये तिला."
न्हाणीघरात जाऊन रडलो. नळ सोडून.

२३ जून
ती फोन उचलत नाही. आईचं बोलणं मेसेज करून पाठवलं. वाचलंय. उत्तर नाही.

२५ जून
दुकानात आली! मामासमोर! पुन्हा डॉक्टरबाईंकडे जाऊन आली होती, एकटीच. म्हणाली, "पन्नाशी पुरायची नाही आपल्याला. सत्तरीपर्यंतचा आकडा काढायला सांगितलाय."