अंगठ्याचं मशीन आणि न हसलेल्या मॅडम

मंगळवार, संध्याकाळ

आज कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सुरक्षा सप्ताहाचं आमचं नाटुकलं झालं. विषय माझाच, गेटवरचं हजेरीचं मशीन. पार्ट घासून घासून आम्हा बायकांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, ते मेलं ओळखतच नाही. माझ्या लाइनवरची सुनंदा डोक्यावरून पॅकिंगचं खोकं घालून मशीन झाली. मी अंगठा लावला, की ती थंडपणे म्हणायची, "पुन्हा प्रयत्न करा." शेवटी मी तिला हळदकुंकू लावून ओवाळलं, तरी तेच. अख्खं कॅन्टीन हसून लोळलं.

फक्त एचआरच्या मॅडम हसल्या नाहीत. पहिल्या रांगेत, तोंड मिटून. काय गरज होती ओवाळायची? अजून मी कायमसुद्धा झालेले नाही. मॅडमचं ते मिटलेलं तोंड शिफ्ट संपेपर्यंत डोळ्यांसमोरून हललं नाही.

सुटताना त्यांनी बोलावलंच.

"अंगठा दाखवा."

दाखवला. त्यांनी त्यावरून हळूच बोट फिरवलं.

"अहो, मशीन बदला म्हणून मी तीनदा वर लिहिलंय. मलाही तेच उत्तर येतं, पुन्हा प्रयत्न करा. शुक्रवारी मोठे साहेब येतायत. त्यांच्यासमोर परत करा हे. आणि या वेळी मशीन मी होणार."

आता मात्र हसल्या.

चाकणपासून घरापर्यंत बसमध्ये सुनंदा रुसलेली, तिचा रोल गेला म्हणून. तिला स्वागताला साहेबांना ओवाळायचं काम देऊन टाकते. पण तिचं खोकं मॅडमच्या अंबाड्याला पुरायचं नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत मोठं शोधायला हवं.